आधी एकट्यात सांग

कामगारांच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंड दरमहा कापला जातो, भरला मात्र जात नाही. हिशेबनिसाला हे ठाऊक असतं, आणि मालक त्याच्याच मंडळीतला, रविवारी पुढच्या बाकावर बसणारा असतो. असा हिशेबनीस सल्ल्याला पाळकांकडे गेला, की बहुधा एकच पान उघडलं जातं: मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय १८, वचनं १५ ते १७. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठायचं, ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीला न्यायचं, तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांडायचं. पीएफ कार्यालय यांपैकी कुठल्याच पायरीवर नाही. पुष्टीला पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय: आपसातले तंटे बाहेरच्या न्यायासनापुढे नेऊ नयेत. तिथेच लगेच पुढे पौल बांधवांना लुबाडणाऱ्यांनाही झापतो. ते वचन वाचायचं पुष्कळदा राहून जातं.

या पायऱ्यांचं मूळ येशूच्याही आधीचं आहे. जुन्या करारातल्या लेवीयच्या १९व्या अध्यायात चहाडी करत फिरू नये आणि शेजाऱ्याच्या जिवावर बेतलं असता स्वस्थ उभं राहू नये, असं दोन्ही एकाच वचनात बजावलं आहे. पुढचं वचन शेजाऱ्याला तोंडावर समज द्यायला सांगतं. मृत समुद्राकाठच्या कुमरान इथे सापडलेल्या नियमावलीतही, साक्षीदारांदेखत समज दिल्याशिवाय कोणाचं प्रकरण सभेपुढे आणायचं नाही, असं कलम आहे. एकमेकांना चेहऱ्याने ओळखणाऱ्या लहान समूहाची ही रीत, आणि तेवढ्या आवारात शहाणपणाची. पण त्याच लेवीयचा पाचवा अध्याय सांगतो, की जो साक्षीदार असून बोलत नाही, दोष त्याच्याही माथी येतो.

पुढे रोमन साम्राज्यात सरकारी वकील नव्हते. खबऱ्यांवर न्यायालयं चालत आणि दोषी ठरलेल्याच्या मालमत्तेतला वाटा खबऱ्याला मिळे. छळाच्या काळात ख्रिस्ती माणसाची खबर देणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात ढकलणं. म्हणून इ. स. ३०५च्या सुमारास, आजच्या स्पेनमधल्या ग्रनादाजवळ एल्विरा इथे भरलेल्या धर्मसभेने ठरवलं, की ज्याच्या खबरीने कोणाचा जीव गेला वा मालमत्ता जप्त झाली, त्या ख्रिस्ती माणसाला मरणसमयीसुद्धा प्रभुभोजन द्यायचं नाही. चर्चच्या मनात खबऱ्याविषयी जी किळस बसली, तिला असं सबळ कारण होतं.

गंमत म्हणजे चारेक शतकं उलटतात आणि ख्रिस्ती राजाच खबरीचे पैसे देऊ लागतो. इंग्लंडमधल्या केंटच्या विट्रेड राजाचा ६९५चा कायदा असा, की रविवारी मनाई असताना काम करणाऱ्या स्वतंत्र माणसाला दंड, आणि त्यातला अर्धा खबर देणाऱ्याला.

पुढे चर्चच्या वकिलांनी मत्तयच्या पायऱ्या थेट न्यायप्रक्रियेत बसवल्या. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने तक्रारीआधी प्रेमाची समज आवश्यक ठरवली. मग तेराव्या शतकातच धर्मपंडित थॉमस अक्विनास आला आणि त्याने नेमकी मेख ओळखली. एखादा गुप्तपणे शहर शत्रूच्या हवाली करायच्या बेतात असेल, तर एकट्यात समजावत बसायचं नाही, ताबडतोब कळवायचं. गुपचूप सांगूनच अनर्थ टळेल अशी पक्की खात्री असेल तेवढाच अपवाद. माझ्या मते या प्रश्नावरचं सर्वांत कामाचं उत्तर हेच. माझा अपराध केला असेल तर मी क्षमा करू शकतो. दुसऱ्याच्या पीएफची क्षमा करणारा मी कोण?

अर्थात अक्विनासने त्याच दमात छुपेपणाने पाखंड पसरवणाऱ्याचंही उदाहरण दिलं होतं, आणि त्या वाटेने काय काय आत शिरलं ते गोव्याने पाहिलं. १५६०मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं धर्मन्यायालय, सुरू झालं. दुसऱ्याचं धर्मबाह्य वर्तन ठाऊक असून गप्प बसणं हाच गुन्हा ठरला. खबर देणाऱ्याचं नाव आरोपीला कळत नसे. दमणमध्ये पकडलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ गोव्याच्या तुरुंगात होता. आरोप न सांगता त्यालाच कबुली द्यायला सांगितलं जाई. १६८७मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि युरोपभर वाचलं गेलं. आपल्याकडे ख्रिस्ती माणसाने वरिष्ठाविरुद्ध तोंड उघडलं, की ‘फितूर’ हा शब्द चटकन का येतो, याचं थोडं मूळ इथेही असावं.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १७७७मध्ये ‘वॉरन’ या युद्धनौकेवरच्या दहा जणांनी आपल्याच सेनापतीविरुद्ध, एसेक हॉपकिन्सविरुद्ध, तक्रार केली. त्याने त्यांपैकी दोघांवर बदनामीचा खटला भरला. ३० जुलै १७७८ रोजी काँग्रेसने ठराव केला, की गैरवर्तनाची माहिती शक्य तितक्या लवकर देणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. दोघांचा खटल्याचा खर्चही उचलला. यादवी युद्धात ठेकेदार सैन्याला लुटू लागले तेव्हा, १८६३मध्ये, विट्रेडचा अर्धा वाटा कायद्यात परत आला. १९८६च्या दुरुस्तीनंतर तर खबर देणाऱ्याचा असा दावा मोहोरबंद दाखल होतो. सुरुवातीला मालकाला पत्ताही लागत नाही. मत्तयच्या पहिल्या पायरीच्या बरोबर उलट.

तसं का, ते २००२मध्ये मिसिसिपीत दिसलं. वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीची अंतर्गत लेखापरीक्षक सिंथिया कूपर हिला वित्तप्रमुखाने तपासणी पुढच्या तिमाहीपर्यंत थांबवायला सांगितलं. तिने थांबवली नाही. कंपनीने जूनमध्ये जाहीर केलेला खोट्या हिशेबाचा पहिला आकडाच ३.८ अब्ज डॉलरचा होता. तोवर पायउतार झालेला प्रमुख बर्नार्ड एबर्स बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारची शाळा घेई. त्या आठवड्यातल्या रविवारी तो मंडळीपुढे उभा राहिला आणि तुम्ही लबाडाबरोबर उपासनेला बसलेला नाही, अशा अर्थाचं बोलला. २००५मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली.

आणि चर्च स्वतःच मालक असेल तेव्हा? मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं दशकानुदशकं आतल्या आत फिरल्यावर, मे २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि व्रतस्थांवर कळवण्याची सक्ती केली. कळवणाऱ्यावर सूड घ्यायला आणि त्याला गप्प राहायची अट घालायलाही मनाई केली. मात्र कळवायचं ते मुख्यतः चर्चच्याच वरिष्ठांना. देशाचा कायदा जे मागतो ते वेगळं पाळायचं. भारतात २०१२चा पॉक्सो कायदा थेट पोलिसांना कळवायला सांगतो, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठेवतो.