सावित्रीबाईंचं शेवटचं काम

३ जानेवारी आली की पैठणपासून सोयगावपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या शाळाशाळांत सावित्रीबाई फुल्यांच्या फोटोला हार घालतात. आपल्या मुली काठापदराचं नेसून भाषणं करतात. शिक्षिका म्हणून सावित्रीबाई आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यांचं शेवटचं काम शाळेतलं नव्हतं, ते आजाऱ्यांच्या सेवेचं होतं. आज आपण त्याची आठवण काढू या.

सावित्रीबाईंना पोटचं मूल नव्हतं. १८६३ साली जोतीराव आणि त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या काळी विधवेला दिवस गेले तर ती विहीर जवळ करायची, नाहीतर बाळाचा जीव जायचा. इथे तिचं बाळंतपण गुपचूप, मायेनं व्हायचं. अशाच एका विधवेचं, काशीबाईंचं बाळ दोघांनी १८७४ साली दत्तक घेतलं. तोच यशवंत. त्याला शिकवून त्यांनी डॉक्टर केलं.

१८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर भागात भुकेल्यांसाठी राबत होत्या. तिथली हलाखी त्यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्रानं कळवली. त्यांची श्रद्धा सत्यशोधक समाजाची. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको, निर्मिकाची लेकरं सगळी सारखी. १८९० साली जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून त्या स्वतः पुढे चालल्या. बाईनं असं करणं तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. पुढे समाजाचं कामही त्यांनी सांभाळलं.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. उंदीर मरून पडायचे, मग माणसाला ताप भरायचा, काखेत, जांघेत गाठ यायची. लोक घरदार सोडून रानात राहायला गेले. सावित्रीबाईंनी मात्र यशवंतला बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर मायलेकांनी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या दलित वस्तीतला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचं कळलं, तर त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय ६६.

ज्या पोराला लोक शिवत नव्हते, त्याला या माउलीनं पाठीवर घेतलं. जन्म न देताही त्या आई झाल्या, ते यशवंतपुरतं नव्हतं.

कोरोनात आपल्या आशाताई, घाटी दवाखान्यातल्या सिस्टर घरी लेकरं ठेवून कामावर गेल्या. आपल्या घरीही दुखणेकऱ्याच्या उशाशी बाईच बसते. आणि तिला स्वतःला ताप आला की म्हणते, "होईल बरं, आधी स्वयंपाक उरकते." मैत्रिणींनो, प्लेगवर तेव्हा हमखास औषध नव्हतं. आज बहुतेक दुखण्यांवर औषध आहे, तरी आपण अंगावर काढतो.

म्हणून यंदा १० मार्चला गटाची बैठक घेऊ. हप्त्याचा हिशोब झाला की शेजारी बसलेल्या बाईला विचारू, "तुझी तब्येत कशी आहे गं?" आणि ती "बरी आहे" म्हणाली, तरी आणखी एकदा विचारू.