खडूने लिहिलेली फिर्याद

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजेच चालुक्यांची राजधानी कल्याणी, जेथे सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुकने १८१० मध्ये तिच्या दायविभागाचे, म्हणजे वारसा व वाटणीच्या प्रकरणाचे, इंग्रजी भाषांतर केल्यापासून हा ग्रंथ मुख्यतः वारसाहक्कासाठीच ओळखला जाऊ लागला. त्या प्रसिद्धीमागे त्याचा व्यवहाराध्याय, म्हणजे न्यायदानाच्या रीतीचा भाग, झाकला गेला, ही खेदाची गोष्ट आहे, कारण दाव्याचा मजकूर कसा घडवावा याचा फार बारीक विचार त्यात आहे.

वादीच्या लेखी म्हणण्याला विज्ञानेश्वर ‘भाषा’, ‘प्रतिज्ञा’ किंवा ‘पक्ष’ म्हणतो. ते प्रतिवादीसमक्ष, वर्ष, महिना, पंधरवडा, तिथी आणि नावे यांसह लिहावे, हा मूळ स्मृतीचा दंडक. पण थेट पत्रावर लिहू नये, आधी जमिनीवर किंवा फळ्यावर ‘पांडुलेखाने’, म्हणजे खडूने, कच्चा मजकूर मांडावा, त्यात ‘आवापोद्धार’ करावा, म्हणजे राहिलेले घालावे व जास्तीचे काढावे, आणि मगच तो पत्रावर उतरवावा, असे स्मृतिकार कात्यायनाच्या आधाराने तो सांगतो.

काय काढावे हे त्याने ‘पक्षाभास’, म्हणजे दाव्यासारखे दिसणारे पण दावा नसलेले म्हणणे, या सदरात उदाहरणांनी दाखवले आहे. माझे सशाचे शिंग घेऊन हा परत देत नाही, ही तक्रार ‘अप्रसिद्ध’, कारण तशी वस्तूच नाही. माझ्या घरच्या दिव्याच्या उजेडात हा आपल्या घरी कामे उरकतो, ही ‘निराबाध’, कारण त्यात कोणाचे नुकसान नाही. मुक्याने मला शिवी दिली, ही ‘विरुद्ध’. देवदत्त भुवई उडवून मला हसला, ही ‘असाध्य’ ठरते, कारण क्षणात सरलेल्या हास्याचा पुरावा आणायचा कोठून?

काय ठेवावे आणि काय गाळावे ही पारख आजही लागते. लंडनच्या मोठ्या वकिली पेढ्या उमेदवार निवडण्यासाठी जी मूल्यमापन केंद्रे भरवतात, तेथील लेखी परीक्षेत कागदांचा गठ्ठा हाती देऊन ठरलेल्या वेळात टिपण किंवा पत्र मागितले जाते. त्या परीक्षेची तयारीही मुख्यतः आवापोद्धाराचीच असते: कोणती वस्तुस्थिती प्रश्नाशी भिडते आणि कोणती नुसती दिव्याच्या उजेडाची तक्रार आहे, हे वाचतानाच ओळखण्याचा सराव. कल्याणीच्या रीतीतही दुरुस्तीला मुदत होतीच. प्रतिवादीचे उत्तर समोर येईपर्यंतच वादीला आपला मजकूर सुधारता येई, त्यानंतर नाही.