विनिपेगच्या खुर्चीवर कोण कोण बसले



व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे पेशवाई तरी, नाहीतर फ्रेंच राज्यक्रांती तरी, असा साधारण रिवाज आहे. आम्ही आज कॅनडातील विनिपेग या एका शहराच्या महापौरांची हकीकत सांगणार आहोत. आमचा जन्म कामगार-चळवळीत गेला. म्हणून महापौरांची यादी हाती आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्या वेळी मत कोणाला होते?

विनिपेग नगराची स्थापना 1873 मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी जानेवारीत फ्रान्सिस कॉर्निश हे वकील पहिले महापौर झाले. त्या निवडणुकीत नोंदलेल्या मतदारांपेक्षा पडलेली मते अधिक भरली. कोणी म्हणेल, ही तर लबाडी! परंतु यातले पुष्कळसे कायद्याला धरूनच होते. ज्याची मिळकत चार वॉर्डांत, त्याला चारही वॉर्डांत मत देता येई. माणूस एक, मते चार. ज्याची मिळकत नाही त्याच्या नावापुढे शून्य.

पुढे रेल्वे आली, गव्हाचा व्यापार वाढला आणि शहर झपाट्याने फुगले. 1906 मध्ये वस्ती नव्वद हजारांच्या वर होती, पण मतदार आठ हजारांच्या आत. साहजिकच खुर्चीवर व्यापारी, कारखानदार, जमिनीचे सौदे करणारे अशीच मंडळी बसत गेली. 1907-08 चे महापौर जेम्स अ‍ॅशडाउन हे लोखंडी सामानाचे मोठे व्यापारी. ही माणसे कर्तबगार नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रेल्वेच्या रुळांपलीकडे 'नॉर्थ एंड' नावाची वस्ती होती. युक्रेनी, पोलिश, ज्यू, जर्मन असे पोटासाठी आलेले लोक तेथे दाटीवाटीने राहत. तेथे धड नळ नव्हते, गटारे नव्हती. 1904-05 मध्ये विषमज्वराची साथ आली, तिने सर्वांत जास्त बळी याच वस्तीतून घेतले.

मग चांगल्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. 1913-14 चे महापौर टॉमस डीकन यांनी शोल लेक या सरोवरातून पाणी आणण्याची योजना नेटाने पुढे रेटली. सुमारे 156 किलोमीटर लांबीचा कालवा बांधून 1919 मध्ये पाणी शहरात आले. हे श्रेय डीकनसाहेबांना दिलेच पाहिजे. पण हेच डीकन 'मॅनिटोबा ब्रिज अँड आयर्न वर्क्स' या कारखान्याचे मालक होते आणि त्याच 1919 साली, कामगारांच्या संयुक्त मंडळाशी बोलणीच करणार नाही असा हट्ट धरून बसलेल्या तीन लोखंडी कारखान्यांपैकी एक हा होता. नळाला पाणी देणारा हात वाटाघाटीसाठी पुढे येईना.

धातुकामगार आणि बांधकाम-कामगार मे महिन्याच्या आरंभी बाहेर पडले. त्यांच्या पाठिंब्यासाठी 15 मे 1919 रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. त्या सकाळी सर्वांआधी काम सोडले ते टेलिफोनवर काम करणाऱ्या मुलींनी. थोड्याच वेळात सुमारे तीस हजार कामगार संपात उतरले. दूध आणि पाव घरोघर पोचावेत म्हणून संप समितीने गाड्यांवर परवानगीचे फलक लावू दिले. मालकवर्ग ओरडला, 'पाहा, हे राज्य करू लागले!' संप चालविणाऱ्याला ही अडचण चांगली समजते. मुलांचे दूध तोडले तर तो निर्दय, पोचविले तर राजद्रोही.

त्या वेळी महापौर होते चार्ल्स ग्रे. पोलीस शिपायांनी युनियनची बाजू सोडून देण्याच्या प्रतिज्ञेवर सही करण्यास नकार दिला, तेव्हा 9 जूनला बहुतेक सारे पोलीस दल बडतर्फ झाले आणि त्या जागी खास शिपाई भरले गेले. 17 जूनला पुढारी पकडले. 21 जूनला, शनिवारी, युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी बंदी असतानाही मूक मिरवणूक काढण्याचे ठरविले. महापौर ग्रे यांनी नगरभवनासमोर दंगलीचा कायदा वाचून दाखविला. घोडेस्वार पोलीस जमावात घुसले, गोळ्या सुटल्या, दोघे कामगार प्राणास मुकले. 26 जूनला संप संपला. हातात काही पडले नाही.

संप हरला म्हणजे सारे संपले, असे पुष्कळांना वाटते. विनिपेगचे पुढले पान पाहा. सीमोर फार्मर हे मजूरपक्षाचे उमेदवार 1919 च्या महापौर-निवडणुकीत ग्रे यांच्याविरुद्ध पडले, पण 1922 मध्ये निवडून आले आणि शहराला पहिला मजूरपक्षीय महापौर मिळाला. त्याहून नवलाची गोष्ट जॉन क्वीन यांची. हे स्कॉटलंडमधून आलेले, लाकडी पिंपे घडविणारे कारागीर. संपाच्या वेळी ते नगरसेवक होते. राजद्रोहाच्या कटाबद्दल त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली, आणि तुरुंगात असतानाच, 1920 मध्ये, लोकांनी त्यांना प्रांताच्या विधिमंडळावर निवडून दिले. मंदीच्या काळात, 1935-36 मध्ये आणि पुन्हा 1938 ते 1942 पर्यंत, हेच क्वीन विनिपेगचे महापौर होते. ज्या नगरभवनापुढे गोळ्या सुटल्या, त्याच नगरभवनात ते प्रमुख म्हणून बसले.

आपल्याकडेही असे घडले आहे. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली ती 1948 मध्ये. आणि 1958 साली मुंबईचे महापौर झाले कॉम्रेड शां. सा. मिरजकर, मीरत कटाच्या खटल्यातले एक आरोपी. सरकारने ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्याला शहराने मानाच्या खुर्चीवर बसविले.

विनिपेगची यादी पुढेही रुंदावत गेली. 1957 ते 1977 अशी वीस वर्षांहून अधिक काळ स्टीफन जूबा महापौर होते. ते युक्रेनी आईबापांचे पुत्र. सूझन टॉम्सन 1992 मध्ये पहिल्या स्त्री महापौर झाल्या. 2014 मध्ये निवडून आलेले ब्रायन बोमन मेटी समाजाचे, म्हणजे तेथल्या मूळ रहिवाशांशी नाते सांगणारे.

येथेच थांबलो असतो तर टाळ्या घेऊन घरी गेलो असतो. पण त्या शोल लेकच्या काठी मूळ रहिवाशांची एक वस्ती आहे, 'शोल लेक 40'. कालव्याच्या कामासाठी त्यांची जमीन घेतली, त्यांना हलविले, आणि पुढे खोदकामामुळे त्यांची वस्ती मुख्य भूमीपासून तुटून जणू बेट झाली. शहराला शुद्ध पाणी पाठविणाऱ्या त्या लोकांना 1997 पासून 2021 पर्यंत स्वतःचे पाणी उकळून प्यावे लागत होते. बाहेर जाण्याचा पक्का रस्ता झाला 2019 मध्ये, म्हणजे पाणी शहरात आल्यावर बरोबर शंभर वर्षांनी. मधल्या काळात व्यापारी महापौर झाले तसे आमच्या पंथाचेही झाले. फार्मर झाले, क्वीन झाले. नळ तोच होता. तो कोठून येतो, हे आमच्या लोकांनीही पुरेसे विचारले नाही. दुसऱ्याचे दोष मोजताना हा आमच्या घरचा दोष लपविणे बरे नव्हे.

2019 मध्येच, संपाच्या शताब्दीला, विनिपेगच्या नगरभवनाजवळ उलटलेल्या ट्रामचे स्मारक उभे राहिले. ते योग्यच झाले. मात्र स्मारकापुढे हार घालणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे काम झाले असे नाही. तो बसल्यावर दाराबाहेर अजून कोण उभे आहे, हे पाहण्याची जबाबदारी त्याला निवडून देणाऱ्यांचीच आहे. त्यांनी पाहिले नाही, तर दुसरे कोणी पाहत नाही.