वर येण्याची घाई : स्कॉटलंडच्या थंड पाण्यापासून मुंबई हायपर्यंत

१/
२७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या प्रलयातून मुंबई आणि नवी मुंबई अद्याप सावरलेली नव्हती. लोकल ठप्प, घराघरांत चिखल. त्याच दुपारी किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, खवळलेल्या अरबी समुद्रात, 'समुद्र सुरक्षा' नावाचे जहाज एका जखमी कर्मचाऱ्याला उपचारासाठी पाठवण्याकरिता मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मजवळ गेले. लाटांमुळे ते प्लॅटफॉर्मवर आदळले. समुद्रतळातून वर येणारी वायुवाहिनी फुटली आणि पाहता पाहता आगीचा डोंब उसळला.

२/
या दुर्घटनेत २२ जण दगावले. जहाजानेही पेट घेतला आणि त्यावरील माणसे ते सोडून निघाली. सहा पाणबुडे मात्र जहाजावरच राहिले. ते एका पोलादी चेंबरमध्ये होते, आणि त्याचे दार उघडणे म्हणजे त्यांचा मृत्यू ओढवणे होते.

असे का, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. तेही ब्रिटनच्या थंड समुद्रात.

३/
पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. खाली असेपर्यंत त्याची जाणीवही होत नाही. माणूस झपाट्याने वर आला की सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर व्हावे तसे होते : विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर पडतो, सांध्यांत, मणक्यात, कधी मेंदूत.

४/
एकोणिसाव्या शतकात पुलांचे पाये घालण्यासाठी नदीच्या तळाशी दाबाखालील हवेत राबणाऱ्या मजुरांना हा विकार जडू लागला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग त्यामुळेच पंगू झाला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये नायट्रोजनच्या बुडबुड्यांचे कारण सिद्ध केले. कारण कळले, पण किती खोलीवरून किती वेळात वर यावे, याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. पाणबुडे अंदाजाने वर येत, आणि अंदाज चुकला की मरत किंवा लुळे होत.

५/
हा हिशेब मांडला स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने. ब्रिटिश नौदलाच्या सांगण्यावरून त्याने लंडनच्या लिस्टर संस्थेत शेळ्यांवर प्रयोग आरंभले. शेळीला दाबकक्षात ठेवायचे, दाब उतरवायचा आणि पाहत बसायचे. बुडबुड्यांची वेदना सुरू झाली की शेळी पुढचा पाय उचलून धरी. (मुक्या जनावराला दुखणे सांगता येत नाही, हा समज या शेळ्यांनी खोटा ठरवला.)

६/
त्यातून दोन गोष्टी हाती आल्या. दाब निम्म्यावर आणला तर सहसा इजा होत नाही. म्हणून पाणबुड्याने आधी निम्म्या दाबापर्यंत यावे आणि पुढे टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती : शरीराचे सर्व भाग वायू सारख्याच वेगाने सोडत नाहीत. काहींना पाच मिनिटे पुरतात, काहींना तासाहून अधिक लागतो. वर येण्याची गती सर्वांत मंद भागानेही ठरते.

७/
शेळ्यांवर सिद्ध झालेले माणसाला लागू पडेल काय? १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या ब्यूट बेटाजवळ, रोथसे परिसरात, 'स्पँकर' या युद्धनौकेवरून चाचण्या झाल्या. लेफ्टनंट डॅमंट आणि गनर कॅटो यांनी २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर गाठले आणि दोघेही धडधाकट वर आले. १९०८ मध्ये हे संशोधन तक्त्यांसह प्रसिद्ध झाले. पुढे याच डॅमंटने आयर्लंडच्या उत्तरेस बुडालेल्या 'लॉरेंटिक' जहाजातून ३,२११ पैकी ३,१८६ सोन्याच्या विटा काढून आणल्या. हे काम १९१७ पासून १९२४ पर्यंत चालले, आणि त्यात एकही पाणबुड्या मेला नाही.

८/
'स्पँकर'वर आणखी एक नवखा पाणबुड्या होता : हाल्डेनचा तेरा वर्षांचा मुलगा जॅक. बापाने त्यालाही तांब्याचे शिरस्त्राण चढवून पाण्यात उतरवले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता आणि मुलाची मनगटे बारीक. बाह्यांतून थंड पाणी आत शिरू लागले आणि गळ्याच्या दिशेने चढत गेले. पोरगा घाबरला नाही, असे चरित्रकार सांगतात. बापाच्या काळजाचे काय झाले असेल, ते सांगितलेले नाही.

९/
हा जॅक म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेला आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात 'थेटिस' ही पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली आणि ९९ जण गुदमरून मेले. त्या चौकशीपासून हाल्डेनने स्वतःलाच प्रयोगाची शेळी केले. दाबकक्षात बर्फाच्या पाण्यात पडून तो निरनिराळे वायू श्वासात घेई. थंडीचा प्रश्न गौण नव्हता. कुडकुडत्या शरीरात हातापायांकडे रक्त कमी जाते आणि साठलेला वायू बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो. अशाच एका प्रयोगात शुद्ध ऑक्सिजनमुळे त्याला झटका आला आणि मणके चेपले. पाठदुखी जन्माची सोबतीण झाली.

१०/
१९५७ मध्ये तो कायमचा भारतात आला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाला, धोतर-कुर्ता वापरू लागला, भारतीय नागरिक झाला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्याचे निधन झाले आणि इच्छेनुसार देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

११/
दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, 'सागर सम्राट'ला मुंबई हायमध्ये तेल लागले. तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला येऊ लागले. प्लॅटफॉर्मना लागणारे सामान नवी मुंबईच्या कुशीतल्या न्हाव्याच्या तळावरून जाऊ लागले. पण तेथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल. नळ जोडणारा माणूस रोज उतरला, तर थोड्या कामासाठी तासन् तास थांबत वर यावे लागणार.

१२/
यावरचा तोडगा अमेरिकी नौदलात जॉर्ज बाँड यांच्या प्रयोगांतून आला होता. शरीर एकदा वायूने पूर्ण भरले की ते आणखी घेत नाही. मग माणूस खाली एक दिवस राहो वा तीन आठवडे, वर येण्याचा वेळ तोच. म्हणून पाणबुड्यांना जहाजावरच्याच चेंबरमध्ये समुद्रतळाइतक्या दाबात ठेवतात. ते तेथेच जेवतात, तेथेच झोपतात, हेलियममिश्रित हवेत चिरक्या आवाजात बोलतात आणि बंद घंटेतून कामावर उतरतात. पाळी संपली की सत्तरएक मीटरच्या दाबातून बाहेरच्या हवेत येण्यास तीन-चार दिवस लागतात.

१३/
हौशी पाणबुड्याच्या वाट्याला याचा सौम्य अवतार येतो. नवी मुंबईची खाडी गाळाने इतकी गढूळ की आत हातही दिसू नये. म्हणून वाशी-नेरुळचे तरुण स्कूबा शिकायला मालवण-तारकर्लीला जातात. तेथले पाणी स्कॉटलंडच्या तुलनेत कोमटच. तरी पहिल्या प्रशिक्षणात साधारण १८ मीटरची मर्यादा असते आणि वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायला शिकवतात. मासे पाहून झाल्यावर ती तीन मिनिटे फार लांबतात.

१४/
आता पुन्हा २७ जुलैकडे. 'समुद्र सुरक्षा' जळत होते, आणि त्या सहा जणांच्या शरीरांत समुद्रतळाचा दाब होता. पळायला पाय होते, पण दाराबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. सहाही जण वाचले. जहाज १ ऑगस्टला मुंबईच्या किनाऱ्याजवळ बुडाले.