आठ पाकळ्यांचे फूल आणि आपला शिवणाचा तास

मित्रमैत्रिणींनो, स्मरणिकेत इतिहासावर लिहायचे ठरले तोवर किल्ले आणि लेणी इतरांनी वाटून घेतली होती. लोहगड, कार्ला, भाजे यांवर लिहिणारे आपल्यात माझ्याहून जाणकार आहेत. म्हणून मी शिवणाच्या तासातला विषय घेतला : लोकरीचे विणकाम.

थंडी पडली की लोणावळ्याच्या बाजारात स्वेटरवाले बसतात. त्यांच्याकडे एक नक्षी हमखास दिसते. छातीवर आठ पाकळ्यांचे फूल, खाली हरणांची रांग, मध्ये पांढरे ठिपके. माल बहुधा लुधियानाच्या यंत्रांवर विणलेला, नक्षी मात्र नॉर्वेची. आमची टीम ओस्लोतल्या एका ग्राहकासाठी सॉफ्टवेअर करते. हिवाळ्यातल्या व्हिडिओ मीटिंगला तिकडची निम्मी मंडळी असेच स्वेटर घालून बसलेली असतात. इतक्या वर्षांत ही नक्षी जुनी का होत नाही, या कुतूहलातून मी वाचायला लागले.

मला वाटले होते, ही नक्षी हजारेक वर्षांची असेल. तसे नाही. नॉर्वेत ट्रॉनहाइम शहराजवळ सेल्बू नावाचा भाग आहे. तिथल्या मारित एम्स्टाड या मुलीने 1857 साली, किशोरवयातच, काळ्या-पांढऱ्या लोकरीचे फुलाचे हातमोजे विणले आणि बहिणींसह ते घालून ती चर्चमध्ये गेली. ते पाहून गावातल्या बाकीच्यांनी तसेच विणायला घेतले. पुढे त्या फुलाला सेल्बूचे गुलाब असेच नाव पडले. लग्नात पाहुण्यांना हातमोजे भेट द्यायची तिकडे रीत होती, त्यामुळे आपल्या रुखवतासारखी लग्नघरात विणकामाची घाई असे. हळूहळू हातमोजे बाहेर विकले जाऊ लागले, त्यावर घरे चालू लागली, आणि मालाचा दर्जा राखण्यासाठी 1934 मध्ये तिथे विक्रीकेंद्रही निघाले.

फूल स्वतः मात्र मारितच्या आधीचे. सोळाव्या शतकात जर्मनीत आणि इटलीत छापलेल्या भरतकामाच्या नमुन्यांच्या पुस्तकांत अशा ताऱ्यासारख्या आकृत्या आहेत. धारवाड-बेळगावकडच्या कशिद्यात त्यांची भावंडे सापडतात आणि आपल्या अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीतही. कोणी कोणाचे उचलले हे दर वेळी शोधायची गरज नाही. चौकटीच्या कागदावर आडवी, उभी आणि कोनातून कोनात जाणारी तिरकी, एवढ्याच रेघा नीट बसतात. मधल्या बिंदूपासून या रेघा काढल्या की आठ दिशा मिळतात आणि आठ पाकळ्यांचे फूल आपोआप जमते. मोजून नक्षी काढणारे हात जिथे होते, तिथे हे फूल उमलले.

विणकामात आणखी एक गंमत आहे. साध्या सुलट विणीचा टाका चौकोनी नसतो. रुंदीला जास्त, उंचीला कमी असतो. शाळेच्या चौकटीच्या वहीत काढलेले गोल फूल विणल्यावर चपटे दिसते ते त्यामुळे. दोन रंगांच्या विणीत मात्र न लागणारा धागा मागून न्यावा लागतो. त्याने टाका थोडा आवळतो आणि जवळजवळ चौकोनी होतो, म्हणून फूल फुलासारखे दिसते. मागच्या त्या धाग्यामुळे कापड दुहेरी होऊन जास्त ऊब मिळते. पण एकच रंग खूप टाके सलग घेतला, तर मागे लांब धागे लोंबतात आणि घालताना त्यात बोटे अडकतात. मग मध्येच एखादा ठिपका टाकायचा. सेटेस्डाल भागातल्या काळ्या स्वेटरवर असे पांढरे ठिपके विखुरलेले असतात आणि तिकडे त्याला चक्क उवांचा स्वेटर म्हणतात! सौंदर्य आणि सोय अशी एका टाक्यात बसली आहे. ही नक्षी टिकायचे पहिले कारण मला हे वाटते.

दुसरे कारण माणसांचे. आनिकेन सिबर्न या नॉर्वेजियन बाईंनी देशातले जुने नमुने जमवून चौकटींत मांडले आणि 1929 साली त्यांचे पुस्तक काढले. एका गावचा नमुना दुसऱ्या गावी कागदावरून पोहोचू लागला. शेजारच्या स्वीडनमध्ये दगडखाणीतल्या कामगारांचे काम गेले, तेव्हा एम्मा याकोब्सन यांनी त्यांच्या घरच्या बायकांसाठी विणकामाची संस्था उभी केली. बोहुस स्टिकनिंग ही ती संस्था 1939 ते 1969 अशी तीस वर्षे चालली. जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेत लोक निषेध म्हणून लाल लोकरी टोप्या घालू लागले, तर 1942 मध्ये त्यांवर बंदी आली. टोपीला सत्ता घाबरली! आणि ज्याला आज सगळे नॉर्वेचा पारंपरिक स्वेटर समजतात, तो निळा-पांढरा-लाल मारियुस स्वेटर उन सोयलान यांनी 1953 मध्ये सेटेस्डालच्या जुन्या नमुन्यावरून तयार केला. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांच्याच वयाचा. परंपरा म्हणतो ती अशी दर पिढीत कोणीतरी पुन्हा सुईवर घेतलेली असते.

आता आपल्याकडे येऊ. मावळात लोकर होतीच, पण ती घोंगडीची. मेंढीच्या काळ्या लोकरीचे सूत, त्याला चिंचोक्याची खळ आणि मागावरचे विणकाम. भातलावणीच्या पावसात डोक्यावरून घेतलेल्या घोंगडीची खोळ आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन सुयांचे विणकाम मात्र इंग्रजी अमदानीत मिशनच्या शाळांतून आणि गोऱ्या मडमांकडून आले. नंतर 1909 साली रमाबाई रानड्यांनी उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी हस्तकला हे बाईच्या स्वावलंबनाचे साधन मानले आणि ती शिक्षणात आणली. शिवणाचा तास आपल्यापर्यंत पोहोचला तो याच वाटेने. घरोघरी त्याचे रूप म्हणजे बाळंतविडा : टोपडे, पायमोजे, बिनबाह्यांचा स्वेटर. आणि आजोबांची कानटोपी.

आपल्या शिवणाच्या बाई फळ्यावर चौकटी आखून त्यात फुल्या मारायच्या, आठवते? फुली म्हणजे रंगीत टाका, रिकामी चौकट म्हणजे पांढरा. पुढे इंजिनिअरिंगला पडद्यावरचे चित्र ठिपक्याठिपक्यांनी कसे साठवतात हे शिकवले, तेव्हा वर्गात मला ते नवीन वाटले नाही. मुलांना त्या तासाला बागकामाला पाठवत. त्यांना सांगायला हवे, आइसलंडमध्ये आणि डेन्मार्कच्या युटलंड भागात पुरुषही सर्रास विणत, तेव्हा तुम्ही एका चांगल्या विद्येला मुकलात.

आता तो तास वेळापत्रकात नाही. वेळापत्रके बदलतात, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न नमुन्यांचा आहे. वेणी, साबुदाणा, जाळी यांची आपल्या घरची रूपे आणि बाईंनी स्वतः बसवलेली ती फुलांची पट्टी कोणत्याही छापील पुस्तकात नाहीत. ती आहेत आपल्या आयांच्या दोनशे पानी वह्यांत, मासिकांच्या कात्रणांत, माळ्यावरच्या ट्रंकेतल्या एखाद्या टोपड्यात आणि सत्तरी-ऐंशीतल्या हातांत. वही रद्दीत गेली की पुढे काही नाही.

म्हणून एक सुचवते. प्रत्येकीने, आणि प्रत्येकाने, घरातला एक तरी नमुना शोधावा. विणलेल्या वस्तूचा उजव्या आणि उलट्या, दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. दोन रंगांच्या कामात खरी माहिती उलट्या बाजूला असते. सोबत चार गोष्टी लिहाव्यात : किती टाके घातले, सुया कोणत्या नंबरच्या, नक्षी किती टाक्यांनी आणि किती ओळींनी पुन्हा येते, आणि हे कोणी कोणाकडून शिकले. घरात विणणारे कोणी असेल तर शेजारी बसून विचारावे. हात चालू असला की आठवते. मला वर्गाच्या ग्रुपवर पाठवा. चौकटी आखून स्वच्छ नकाशे करण्याचे काम माझे, तपासायला बाई आहेतच. शंभर नमुने जमले तर शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याजोगे एक पुस्तक होईल. पहिला नमुना मी दिला आहे : माझ्या आईची कानटोपी, दहा नंबरच्या सुया, बारा टाक्यांची नक्षी.