गाळातले जुने देणे



कामगार चळवळीतला माणूस तळ्यांवर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. पण कारखान्यांच्या दारात तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली : नुकसान करतो एक, भरतो दुसरा, आणि हिशेब निघतो तिसऱ्याच पिढीत. अशाच एका हिशेबाची ही हकीकत आहे, स्वीडन देशातली.

तिथल्या गोड्या पाण्यात क्रेफिश नावाचा प्राणी राहतो. आपल्याकडे तो मुळात नाही. दोन मोठ्या नांग्यांचा, कठीण कवचाचा, थोराड झिंगाच म्हणा ना! दगडांच्या कपारीत राहतो, रात्री बाहेर पडतो. ऑगस्टमध्ये स्वीडिश माणसे अंगणात कंदील लावून याचीच मेजवानी करतात. त्याचे शास्त्रीय नामकरण लिनियसने 1758 साली केले. हा लिनियस लहानपणी वेक्शो गावच्या शाळेत शिकला. हे गाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचे आहे.

या प्राण्यावर पहिला घाला रोगाचा पडला. उत्तर अमेरिकेतली एक पाणबुरशी 1860 च्या सुमारास इटलीत प्रकटली आणि युरोपभर पसरली. 1907 मध्ये फिनलंडहून आणलेल्या क्रेफिशांबरोबर ती स्वीडनमध्ये शिरली. जिथे ती पोहोचली तिथे तळेच्या तळे ओस पडले. कोळ्यांचा धंदा बुडाला.

मग उपाय निघाला. अमेरिकेतला सिग्नल क्रेफिश या रोगाने सहसा मरत नाही. तोच आणून सोडावा! 1960 साली पहिली खेप आली, 1969 पासून मोठ्या प्रमाणावर सोडणे सुरू झाले. पण हा पाहुणा रोगाने मरत नव्हता, तरी रोग अंगावर वागवीत होता. जिथे तो गेला तिथे बुरशी गेली, आणि उरलासुरला देशी क्रेफिशही संपला. 2016 मध्ये युरोपीय संघाने याच पाहुण्याला घातक परक्या जातींच्या यादीत घातले. हेतू चांगला होता हो! पण संपकाळात घाईने भरती केलेला माणूस कोणाचा, हे आम्ही आधी विचारतो. तो प्रश्न तिथे पुरेसा विचारला गेला नाही.

आता वेक्शोला येऊ. क्रेफिश रोगातून वाचला तरी त्याला प्राणवायूने भरलेले पाणी लागते, आणि दुसरा घाला नेमका त्यावर होता. गावालगत ट्रुमेन नावाचे सुमारे एक चौरस किलोमीटरचे उथळ तळे आहे. गावाचे सांडपाणी आणि जवसाचे सूत काढणाऱ्या गिरणीचे पाणी त्यात वर्षानुवर्षे जात राहिले. त्यातले नत्र आणि स्फुरद शेतात पडते तर खत ठरले असते. तळ्यात त्यांनी शेवाळ माजवले. शेवाळ मेले, कुजले, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन बसले.

1958 च्या सुमारास घाण पाणी दुसरीकडे वळवले. लोकांना वाटले, सुटलो. पण दहा वर्षे गेली तरी पाणी हिरवेच. असे का? जुने देणे गाळात पडून होते. तळाशी प्राणवायू संपला की लोखंडाशी बांधलेला स्फुरद गाळातून सुटतो आणि पुन्हा पाण्यात येतो. नळ बंद केला होता, पण तळे आपल्याच पोटातले विष पीत होते.

लुंद विद्यापीठाच्या स्वेन ब्यॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ शोधले. 1970 आणि 1971 अशा दोन वर्षांत सुमारे एक मीटर जाडीचा काळा गाळ पंपाने उपसला. गाळाबरोबर आलेले पाणी तळ्यात परत सोडण्याआधी त्यातला स्फुरद तुरटीच्या जातीच्या क्षाराने खाली बसवला. उपसलेला गाळ जमिनीच्या कामी आला. पूर्वी पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी वीतभर खोलीवर दिसेनाशी होई. आता ती अडीच फुटांपर्यंत दिसू लागली.

या दोन गोष्टींत फरक आहे, तो आपण ध्यानात घ्यावा. तळ्याचे देणे पैसा, श्रम आणि अक्कल लावून बरेचसे फेडता आले. क्रेफिशचे तसे फेडता येत नाही. एकदा सिग्नल क्रेफिश मोठ्या तळ्यात रुजला की त्याला उपटून काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून स्वीडनमध्ये आज जपणूक चालते ती उरलेल्या, एकाकी पाण्यांची. एका तळ्यातले पिंजरे, जाळी, बूट पुरते वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात न्यायचे नाहीत. परका क्रेफिश जिवंत हलवायचा नाही. आणि वरच्या शेतातला, गावातला स्फुरद खाली येऊ द्यायचा नाही. कामे साधी आहेत, पण रोजची आहेत, आणि ती एकट्यादुकट्याने होत नाहीत.

आपल्या गावाच्या तळ्यावर जलपर्णी दिसली की आपण ती काढायला माणसे लावतो, आणि फोटो निघाले की घरी जातो. पुढच्या पावसाळ्यानंतर ती पुन्हा तिथेच. कोणाचा नाला तळ्यात येतो, आणि गाळात किती वर्षांचे साठले आहे, हे दोन प्रश्न नगरपालिकेच्या सभेत कोणी उठून विचारले पाहिजेत. वेक्शोच्या लोकांनी ते विचारले तेव्हा पंपाला वेळ होती. आपणही ती वेळ असतानाच विचारू या.