शनिवारवाडा : नारायणरावाच्या हाकेची आख्यायिका

पुण्याच्या शनिवारवाड्यात पौर्णिमेच्या रात्री, काहींच्या मते अमावास्येच्या रात्री, ‘काका, मला वाचवा’ अशी नारायणराव पेशव्याची हाक ऐकू येते, अशी लोकसमजूत. वाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी केली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. दोन्ही दिवस शनिवारचे. महाराष्ट्रातील झपाटलेल्या वास्तूंची यादी निघाली की या वाड्याचे नाव बहुधा आरंभीच येते. तथापि वास्तूला चिकटलेली भुताटकी हे या आख्यायिकेचे वर्णन अपुरे आहे. उपलब्ध पुरावा एकत्र पाहिला, तर मुख्य आरोपीला शिक्षा न झालेल्या एका खुनाची समाजाने जपलेली आठवण असे तिचे स्वरूप दिसते.

मूळ घटनेविषयी कागदपत्रांतून व बखरींतून पुष्कळ माहिती मिळते. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारल्यावर त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव (जन्म १७५५) पेशवा झाला. चुलता रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, ऐन गणेशोत्सवात, सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ इत्यादी गारदी (भाडोत्री शिपाई) थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. कटाची कुणकुण पेशव्याला त्याच दिवशी लागली होती आणि सरदार हरिपंत फडके यांना बंदोबस्ताची सूचनाही झाली होती. पण ती अंमलात येण्यापूर्वीच गारदी आत शिरले. नारायणराव चुलत्याच्या दालनाकडे धावला व त्याला मिठी मारून प्राणांची याचना करू लागला; तेथेच त्याला ठार करण्यात आले. आड येणारे सेवकही मारले गेले. रघुनाथरावाने पुतण्याला केवळ धरण्याची आज्ञा दिली होती की मारण्याची, आणि त्यात त्याची पत्नी आनंदीबाई हिचा हात किती, याबद्दल मतभेद आहेत. तिने आज्ञेतील ‘धरावे’चे ‘मारावे’, म्हणजे ‘ध’चा ‘मा’, केल्याची कथा सर्वपरिचित आहे, मात्र ती इतिहास म्हणून स्वीकारण्याइतका आधार तिला नाही.

लोककथेने या घटनेतील तीन गोष्टी बदलल्या, आणि त्यांतला निदान एक सहज झालेला वाटत नाही. खून दिवसाढवळ्या, दुपारच्या सुमारास झाला. आख्यायिकेतील हाक रात्री उठते. खुनाची तिथी त्रयोदशी. आख्यायिकेने तिथून सरकून पौर्णिमा किंवा अमावास्या धरली. तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा. नारायणराव अठरा वर्षांचा, विवाहित आणि राज्याचा कारभारी होता. सांगणारे मात्र त्याला लहान मूल करतात. काळ आणि तिथी यांतील फेरफार भुताच्या कोणत्याही गोष्टीत होतात, त्यांतून फारसे निष्पन्न होत नाही. वयातील फेरफार मात्र अर्थपूर्ण आहे. पेशवाईतील सत्तास्पर्धेत नारायणराव हाही एक पक्ष होता आणि चुलत्याला कैदेत ठेवणाराही तोच. त्याला बालक केले की हे सारे मागे पडते आणि उरते ते वडीलधाऱ्याकडे धाव घेतलेले पोर. आख्यायिकेला सत्तेचा तंटा सांगायचा नसून आप्ताने केलेला विश्वासघात सांगायचा आहे.

मराठी लोकसमजुतींतील पिशाच्चांच्या प्रकारांतही हे भूत बसत नाही. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा. त्याचे ठिकाण पिंपळ. समंध हा बहुधा निपुत्रिक किंवा इच्छा अपुरी राहिलेल्या ब्राह्मणाचा. तो धन वा घर राखतो, वारसाला छळतो. खवीस, हडळ, जखीण, कोकण-गोव्याकडचा देवचार यांची ठिकाणे, खोड्या आणि मागण्या ठरलेल्या असतात. कोणी अंगात येते, कोणाला नारळ किंवा कोंबडे द्यावे लागते. नारायणराव विवाहित असल्याने मुंजा नव्हे. निपुत्रिकही नव्हे, कारण त्याची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म झाला. प्रचलित कथेत तो कोणाला धरत नाही, काही मागत नाही, दिसतही नाही. ज्या पिशाच्चाकडे मागणी नाही त्याला शांत करण्याचा उपायही नसतो, आणि वाड्याच्या कथेत मांत्रिकाला स्थान का नाही याचा उलगडा यातून होतो.

यावर एक रास्त आक्षेप असा, की जेथे अपमृत्यू झाला तेथे भूत असणारच हा सार्वत्रिक समज आहे. त्यासाठी न्याय-अन्यायाचा विचार कशाला? याचे उत्तर त्याच वास्तूत मिळते. नारायणरावाचा पुत्र सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, याच वाड्यात वरून पडून जबर जखमी झाला व दोन दिवसांनी मरण पावला. तो अपघात की आत्मघात, याबद्दल वाद आहे. तरुण वय, अपमृत्यू, निपुत्रिक अवस्था ही समंध होण्याची लक्षणे वडिलांपेक्षा मुलाच्या बाबतीत अधिक जुळतात. असे असूनही लोकमुखी हाक राहिली ती नारायणरावाची. मुलाच्या भुताला तेवढी कीर्ती कधीच लाभली नाही. कारण त्याच्या मृत्यूत खुनी म्हणून दोषी धरावा असा कोणी माणूस लोकांसमोर नव्हता. नारायणरावाच्या बाबतीत तो होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावाला दोषी ठरवले. त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणे सोडून गेले, असे परंपरा सांगते. हाताखालच्यांपैकी काहींना पुढे देहदंड झाला. रघुनाथरावाविरुद्ध कारभाऱ्यांचे ‘बारभाई’ कारस्थान उभे राहिले, त्याने इंग्रजांचा आश्रय घेतला, सुरतेचा तह (१७७५) आणि सालबाईचा तह (१७८२) या दरम्यान युद्ध झाले; पण खुनाबद्दल शिक्षा न होता तो १७८३ मध्ये कोपरगाव येथे वारला. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला.

दुसरा आक्षेप, ही कथा पर्यटनाच्या काळात रचली गेली असावी, हा. आजचा साचा अलीकडचा असेल. मूळ कल्पना जुनी आहे. दुसऱ्या बाजीरावाला नारायणरावाच्या पिशाच्चाची बाधा वाटे आणि शांतीसाठी त्याने दानधर्म केला, पुण्याभोवती आंब्याची मोठी लागवड केली, असे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखक नमूद करतात. या लेखकांचा पेशव्यांविषयीचा आकस लक्षात घेऊनही हा उल्लेख मोलाचा वाटतो. या जुन्या रूपात पिशाच्च वाड्याला धरून नाही, खुन्याच्या वंशाला धरून आहे. बाजीरावाचे वास्तव्य शुक्रवारवाडा व विश्रामबागवाडा येथे अधिक असे. त्याचे कारण हीच भीती होती, हे मात्र सिद्ध करता येत नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि वंश पुण्यातून गेला. जाब विचारण्यास कोणी उरले नाही, तेव्हा हाक वास्तूत येऊन राहिली, असा क्रम संभवतो. हाक ज्या दालनात उठली ते दालनही फार टिकले नाही: १८२८ च्या आगीत लाकडी मजले जळाले, आज दिसतात ते तट, बुरूज, दरवाजे, दिल्ली दरवाजावरील नगारखाना, हजारी कारंजे व जोती.

हाकेचे शब्द घरोघर पोचवण्यात रंगभूमीचा वाटा मोठा असावा. कृ. प्र. खाडिलकर यांचे भाऊबंदकी (१९०९) हे नाटक आणि प्रभातचा रामशास्त्री (१९४४) हा चित्रपट या दोहोंच्या केंद्रस्थानी हाच खून व त्याचा न्याय आहे. दोहोंत नायकपण न्यायाधीशाकडे जाते, ही बाब येथील प्रतिपादनाला पूरक आहे.

रात्री वाडा बंद ठेवतात ते भुतामुळे, असे सांगतात; पण देशातील संरक्षित स्मारके सामान्यतः सूर्यास्तानंतर बंदच असतात. हा वाडा १९१९ पासून संरक्षित आहे, आणि त्याच्या आवारात संध्याकाळनंतर ध्वनिप्रकाशाचे कार्यक्रमही झाले आहेत.

नारायण दरवाजा : नारायणरावाचे प्रेत येथून नेले म्हणून हे नाव पडले, असे सांगतात, जुने नाव जांभूळ दरवाजा.